विचारल्यावांचून केलेली दया



सुमारें वीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी तेव्हां नुकताच शिक्षक झालों होतों व दुसऱ्या एका शाळेंत शिकवीत होतों. आमच्या वर्गाची सहल पन्हाळ्यास जावयाची ठरली. वर्गांत एक मुलगा होता. बालपणीं पोलिओ झाल्यामुळें त्याचा डावा पाय बारीक राहिला होता व तो कुबडी घेऊन चालत असे. मोटार गडावर जाते हें खरें. परंतु वर गेल्यावर तीन दरवाजा, अंधारबाव, अंबरखाना, सज्जाकोठी हें सारें पायींच हिंडून पाहावें लागतें. मीं त्या मुलास जवळ बोलाविलें आणि मोठ्या मायेनें सांगितलें, "बाळ, तुला फार त्रास होईल. तूं त्या दिवशीं घरीं विश्रांति घे. तुझी हजेरी मी मांडीन." मुलानें मुकाट्यानें मान हालविली. आपल्या हातून एक सत्कृत्य घडलें, असें वाटून मला समाधान झालें.

सहलीहून आल्यावर मीं सर्व वर्गास निबंध लिहावयास दिला. विषय होता, ‘आमची पन्हाळ्याची सहल’. जो मुलगा सहलीस आलाच नव्हता तो काय लिहील, हा विचारही माझ्या मनांत आला नाहीं. त्याच्या वहींत तीनच वाक्यें होतीं. ‘मी सहलीस गेलों नाहीं. मी दररोज घरापासून शाळेपर्यंत अडीच किलोमीटर चालत येतों. मला चालतां येईल काय, हें सरांनीं विचारलेंच नाहीं.’

त्या वहीवर मीं कोणते गुण दिले हें मला आतां आठवत नाहीं. परंतु त्या तीन वाक्यांनीं मला दिलेले गुण मला पक्के आठवतात. तो मुलगा वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर शाळेंत येत होता. त्याची कुबडी मला दिसत होती, त्याचा पाय दिसत होता. तो रोज किती चालतो, हें मात्र मला दिसलें नव्हतें. माझ्या मनांत दुष्टपणा नव्हता, दयाच होती. परंतु ती दया करण्यापूर्वीं त्याच्या जीवनाविषयीं सर्वांत अधिक माहिती असलेल्या मनुष्यास, म्हणजे त्यालाच, मीं कांहीं विचारलें नव्हतें. अपंग मनुष्याच्या अनुभवापासून धडधाकट मनुष्यानें काय शिकावें, या प्रश्नाचा विचार मी त्या दिवसापासून करीत आलों आहें. त्यांतून जें थोडेंबहुत समजलें, तें येथें सांगतों.

मार्ककृत शुभवर्तमानांत यरीहो गांवच्या बार्तीमय नांवाच्या आंधळ्या भिकाऱ्याची कथा आहे. प्रभु येशू त्या वाटेनें जात आहे असें कळतांच तो मोठ्यानें हांका मारूं लागला. तेव्हां भोंवतालच्या पुष्कळ लोकांनीं त्यालाच दटावून गप्प बसण्यास सांगितलें. प्रभु थांबला, त्याला बोलाविलें, आणि मी तुझ्यासाठीं काय करावें अशी तुझी इच्छा आहे, असें त्यानें त्याला विचारलें. लहानपणीं हा प्रश्न मला अनावश्यक वाटे. आंधळा मनुष्य दुसरें काय मागणार? परंतु ती पन्हाळ्याची सहल झाल्यावर त्या प्रश्नाचें मोल मला कळलें. समोरच्याची उणीव दिसत असतांही त्याची इच्छा त्याच्याच तोंडून ऐकून घेणें, हा त्याचा मान राखणें होय. जमाव त्याला गप्प बसवीत होता. प्रभूनें त्याला बोलावयास लाविलें.

न विचारतां केलेल्या उपकारानें केवढी हानि होते, हें पाहावयाचें असल्यास लुई ब्रेल याचें चरित्र पाहावें. लुईचा जन्म इ. स. १८०९ मध्यें फ्रान्स देशांत पॅरिसजवळील एका खेड्यांत झाला. त्याचा बाप घोड्यांच्या खोगिरांचें व साजाचें काम करी. तीन वर्षांचा लुई बापाच्या कारखान्यांत आरीशीं खेळत असतांना ती त्याच्या डोळ्यास लागली. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यासही विकार जडला, आणि तो कायमचा अंध झाला. दहाव्या वर्षीं तो पॅरिस येथील अंधांच्या शाळेंत दाखल झाला. तेथील पुस्तकें डोळस लोकांनीं मोठ्या कळकळीनें तयार केलेलीं होतीं. छापील अक्षरेंच कागदावर उठावदार करून तीं बोटांनीं चांचपावयाचीं, अशी ती पद्धति होती. पुस्तकें अवजड होत, एकेक अक्षर ओळखण्यास फार वेळ लागे, आणि त्या अक्षरांत मुलांना स्वतः लिहितां येणें दुरापास्त होतें.

डोळ्यास जें सोपें तें बोटासही सोपें असेल, असें त्या सज्जनांनीं गृहीत धरलें होतें. बोटाचें म्हणणें बोटानें वाचणाराच सांगूं शकतो. बार्बिये नांवाच्या एका सैनिकी अधिकाऱ्यानें अंधारांत वाचतां यावी अशी बारा टिंबांची लिपि काढली होती. ती लुईच्या हातीं पडली. बारा टिंबें एका बोटाच्या टोकाखालीं मावत नाहींत, ही तिच्यांतील अडचण त्यानें ओळखली आणि वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास सहा टिंबांची लिपि तयार केली. दोन उभ्या ओळी, प्रत्येकींत तीन टिंबें. त्यांच्या उलटसुलट मांडणीनें त्रेसष्ट खुणा होतात. एक खूण बोटाच्या टोकाखालीं एकदम मावते, आणि अणकुचीदार टोंच्यानें कागदावर ती स्वतः उठवितांही येते. म्हणजे वाचणें आणि लिहिणें दोन्ही साधलीं. इ. स. १८२९ मध्यें ही पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली.

यापुढील भाग शिक्षकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. मुलांना ही लिपि मनापासून आवडली. परंतु १८४० नंतरच्या कांहीं वर्षांत शाळेच्या चालकांनींच तिला बंदी केली. डोळस शिक्षकांस ती वाचतां येईना, आणि अंधांची लिपि जगाहून निराळी असूं नये असें त्यांना वाटे. मुलें ती चोरून शिकत व एकमेकांस शिकवीत. शाळेनें तिचा अधिकृत स्वीकार १८५४ मध्यें केला; लुई त्यापूर्वीं दोन वर्षें, १८५२ मध्यें, वारला होता. आज तीच लिपि जगभर चालते. आपल्या देशांतील भाषांसाठीं १९५१ पासून भारती ब्रेल ही सामायिक पद्धति रूढ आहे, आणि तिच्यांत मराठीही लिहितां-वाचतां येते. मुंबईंत अ‍ॅना मिलार्ड या मिशनरी बाईंनीं इ. स. १९०० मध्यें अंध मुलांसाठीं शाळा काढली. अशा शाळेंतील मुलें भराभर बोटें फिरवून वाचतांना ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना या सहा टिंबांचें सामर्थ्य वेगळें सांगावयास नको.

अशीच, परंतु अधिक दुःखाची कथा बधिर लोकांच्या भाषेची आहे. इ. स. १८८० मध्यें इटालींतील मिलान शहरीं बधिरांच्या शिक्षणाविषयीं एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथें जमलेले प्रतिनिधि जवळजवळ सर्व ऐकूं येणारे होते. बधिर मुलांस हातवाऱ्यांच्या खुणांनीं शिकवूं नये, ओठांच्या हालचाली पाहून बोलावयासच शिकवावें, असा त्यांनीं ठराव केला. मुलांनीं चारचौघांसारखें बोलावें, हा त्यांचा हेतु चांगलाच होता. परंतु त्यामुळें अनेक देशांतील शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली, आणि जी भाषा मुलांस सहज येत होती तीच वापरल्याबद्दल त्यांना शिक्षा होऊं लागल्या. बधिर लोक हें चुकीचें आहे असें सांगत राहिले. अखेर २०१० मध्यें कॅनडांतील व्हँकूव्हर येथें भरलेल्या त्याच परंपरेच्या परिषदेनें तो ठराव अमान्य केला व खेद प्रकट केला. मध्यें एकशेंतीस वर्षें गेलीं होतीं. भारतांत २०१५ मध्यें सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठीं दिल्ली येथें सरकारी केंद्र स्थापन झालें, व २०१८ मध्यें त्याच्या पहिल्या कोशांत तीन हजार शब्द प्रसिद्ध झाले.

आतां कोल्हापुराकडे वळूं. नसीमा हुरजूक यांचा जन्म १९५० चा. किशोरवयांत आजारपणामुळें त्यांच्या पायांची शक्ति गेली. कालपर्यंत खेळणारी-बागडणारी मुलगी अंथरुणास खिळली. त्या निराशेंतून त्यांना वर येण्यास ज्या गोष्टी कारण झाल्या, त्यांत बाबूकाका दिवाण या गृहस्थांची बंगळूर येथील भेट प्रमुख होती. हे गृहस्थ स्वतःच पायांनीं अपंग असून कर्तेपणानें जगत होते. धीराचे शब्द पुष्कळांनीं सांगितले असतील. परंतु चाकांच्या खुर्चींत बसून दिवस कसा काढावा, काम कसें करावें, हें त्या खुर्चींत बसलेला मनुष्यच दाखवूं शकतो. पुढें नसीमाताईंनीं केंद्रीय अबकारी खात्यांत नोकरी केली आणि १९८४ मध्यें कोल्हापुरांत ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सहकाऱ्यांसह उभारली. उचगांव येथें संस्थेचें ‘घरौंदा’ हें वसतिगृह झालें, आणि अपंग व धडधाकट मुलें एकत्र शिकतील अशी शाळाही निघाली. ‘चाकाची खुर्ची’ हें त्यांचें आत्मचरित्र मोठ्या मुलांनीं अवश्य वाचावें.

कोल्हापूर हें वसतिगृहांचें शहर आहे. राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून येथें निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें काढविलीं, कारण शाळा नुसती असून चालत नाहीं, शाळेपर्यंत पोंचण्याची सोय लागते, हें त्यांनीं जाणलें होतें. अपंग मुलांसाठीं काढलेल्या वसतिगृहाचें कारणही हेंच आहे. आपण म्हणतों, "शाळेचें दार सर्वांस उघडें आहे." परंतु त्या दाराशीं तीन पायऱ्या असतील, तर चाकांच्या खुर्चीस तें बंदच असतें. शौचगृहाचें दार अरुंद असेल, तर मुलगी दिवसभर पाणी न पितां बसते, आणि पुढें शाळाच सोडते. हें आपणांस सुचत नाहीं, कारण पायऱ्या चढतांना आपण त्या मोजीत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हीं एक गणित करून पाहावें. सरकारी मार्गदर्शक नियमांप्रमाणें उताराचें प्रमाण एकास बारा असावें, म्हणजे चढ एक फूट असल्यास उतार बारा फूट लांब हवा. आपल्या घराच्या, देवळाच्या, चर्चच्या अथवा दुकानाच्या दाराशीं किती उंचीच्या पायऱ्या आहेत, त्या मोजा, आणि तेथें किती लांबीचा उतार लागेल तें काढा. सहा इंचांच्या एका पायरीस सहा फूट उतार लागतो. पुष्कळ ठिकाणीं उतार बांधलेला आढळेल, परंतु तो इतका उभा असेल कीं त्यावरून खुर्ची खालीं येतांना उलटावी. ज्यानें तो बांधला त्यानें खुर्चींत बसणारास विचारलें नाहीं, हें लगेच ओळखूं येतें. शुभवर्तमानांतील त्या चार मित्रांची आठवण ठेवा. गर्दीमुळें पक्षघाती मित्रास दारांतून नेतां येईना, तेव्हां त्यांनीं छप्पर उघडून त्याला आंत सोडलें. वाट नसेल तर घरांत बदल करावा, मित्रास बाहेर ठेवूं नये, हें त्यांना कळलें होतें.

घरांतील वाट आपण अशी मोजूं शकतों. मनांतील पायऱ्या मोजणें मात्र कठीण आहे. त्या आपल्या बोलण्यांत लपलेल्या असतात. ‘आंधळें दळतें, कुत्रें पीठ खातें’, ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’ अशा म्हणी आपण सहज वापरतों. गैरकारभारास ‘आंधळा कारभार’ म्हणतों. मैदानावर सोबत्यास ‘लंगड्या’, ‘चकण्या’, ‘बहिऱ्या’ अशा हांका मारतों आणि थट्टा होती असें म्हणतों. ज्याला ती हांक मारली, त्याला ती थट्टा वाटली काय, हें कोणी विचारलें आहे? नांवाच्या बाबतींतही तेंच. अलीकडे सरकारी लेखनांत ‘दिव्यांग’ हा शब्द आला आहे. कांहींस तो गौरवाचा वाटतो, तर कांहीं म्हणतात कीं, आमच्यांत दिव्य कांहीं नाहीं, आम्हांस इतरांसारखें माणूस म्हणा. ज्याचें त्याला विचारून त्याच्या इच्छेप्रमाणें बोलावें, हें उत्तम.

दुसरा समज त्याहून जुना आहे. अपंगत्व हें कोणाच्या तरी पापाचें फळ आहे, असें आपल्याकडे पूर्वजन्माच्या नांवानें म्हणतात, आणि ख्रिस्ती घरांतही निराळ्या शब्दांनीं म्हटलें जातें. योहानकृत शुभवर्तमानांत शिष्यांनीं जन्मांध मनुष्याविषयीं हाच प्रश्न केला होता, पाप त्याचें कीं त्याच्या आईबापांचें; आणि प्रभूनें दोहोंसही नकार दिला. असें असूनही कित्येक मातांना नातलगांचे टोमणे ऐकावे लागतात, आणि मूल लोकांच्या दृष्टीआड ठेवण्याची पाळी घरच्यांवर येते. २०११ च्या शिरगणतींत भारतांत दोन कोटि अडुसष्ट लक्ष अपंग व्यक्ति मोजल्या गेल्या. मग आपल्या वर्गांत, आपल्या चर्चमध्यें, आपल्या लग्नसमारंभांत त्या इतक्या थोड्या कां दिसतात? याचें उत्तर पायऱ्यांत आहे, आणि टोमण्यांतही आहे.

तिसरा समज दिसण्यांत फार चांगला आहे, म्हणून तो अधिक सावधपणें पाहिला पाहिजे. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर हे सैनिक १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झाले, आणि १९७२ मध्यें जर्मनींतील हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेंत पन्नास मीटर पोहण्यांत त्यांनीं भारतास पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. २०१८ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. आपण अशा वीरांस हार घालतों, तें योग्यच आहे. परंतु प्रत्येक अपंग मनुष्यानें वीर झालेंच पाहिजे, अशी अपेक्षा आपण मनांत धरतों, आणि जो साधा कारकून, साधी शिंपीण, साधा विद्यार्थी राहील त्याच्याकडे पाहतही नाहीं. आपण स्वतः तरी कोठें सुवर्णपदकें आणलीं आहेत? साधेपणानें जगण्याचा जो अधिकार आपणांस आहे, तोच त्यांनाही आहे. ‘बिचारा’ आणि ‘धन्य धन्य’ या दोन्ही शब्दांआड माणूस हरवूं शकतो.

कायद्यानें या बाबतींत एक पाऊल पुढें टाकलें आहे. १९९५ च्या कायद्यांत अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. २०१६ च्या कायद्यानें ते एकवीस केले. त्यांत मानसिक आजार, रक्ताचे कांहीं विकार, आणि वाचन-लेखनांतील विशिष्ट अडचण यांसारखे डोळ्यांस न दिसणारे प्रकारही आहेत. पालकहो, या शेवटच्या प्रकाराकडे आपण लक्ष द्यावें. हुशार असूनही अक्षरें उलटीं वाचणारें, फळ्यावरून उतरून घेतांना मागें पडणारें मूल आपल्या घरीं असेल, तर त्याला आळशी व ‘ढ’ म्हणून मारूं नये. तज्ज्ञांकडून तपासून घ्यावें. अशीं मुलें आम्हां शिक्षकांच्या हातूनही पुष्कळ मार खाऊन गेलीं, हें मला कबूल केलें पाहिजे. ज्यांचें अपंगत्व कायद्यानें ठरविलेल्या मर्यादेइतकें आहे, अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलांस जवळच्या शाळेंत अथवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्यानें दिला आहे. शेजारीं असें मूल घरीं बसलेलें असेल, तर ही गोष्ट त्याच्या आईबापांच्या कानीं घालावी.

अपंग लोकांनीं वेळोवेळीं सांगितलेल्या कांहीं लहान रीति येथें देतों. अंध मनुष्यास रस्ता ओलांडतांना हात धरून ओढूं नये. सोबत हवी काय असें विचारावें, आणि हवी असल्यास आपला कोपर पुढें करावा, म्हणजे तो तो धरून आपल्या चालीनें येतो. त्याच्याजवळ येतांना व निघतांना आपलें नांव सांगावें. बधिर मनुष्याशीं बोलतांना त्याच्यासमोर, उजेडांत तोंड करून बोलावें, ओरडूं नये. चाकांच्या खुर्चीस हात लावण्यापूर्वीं परवानगी घ्यावी, कारण ती खुर्ची त्या मनुष्याच्या शरीरासारखीच असते. आणि फार वेळ बोलावयाचें असल्यास आपणही खालीं बसावें. अडखळत बोलणाराचें वाक्य आपण पुरें करूं नये. आणि सोबत आलेल्या मनुष्यास "यांना काय पाहिजे?" असें न विचारतां ज्याचें त्यालाच विचारावें. "मदत नको" असें उत्तर आलें, तर राग मानूं नये.

आतां त्या मुलाची गोष्ट पुरी करतों. निबंध वाचल्यावर दुसऱ्या दिवशीं मीं त्याची वर्गासमोर क्षमा मागितली. तसें करणें मला जड गेलें, हें लपवीत नाहीं. पुढील वर्षीं पुन्हां सहल निघाली, तेव्हां मीं त्याला विचारलें. तो म्हणाला, "येतों सर; मात्र मधून मधून थांबावें लागेल." आम्ही थांबत थांबत गेलों. तीन दरवाजापाशीं तो दम घेण्यास बसला व वर पाहूं लागला, म्हणून आम्हीही वर पाहिलें. तेथें दगडांत कोरलेला फारसी लेख आहे. मी त्या दरवाजांतून पूर्वीं पांच-सहा वेळां गेलों होतों. घाईघाईनें जाणाऱ्या माझ्या दृष्टीस तो लेख कधीं पडलाच नव्हता.

दया करण्याचा प्रसंग तुमच्यावर पुष्कळ वेळां येईल, आणि ती तुम्हीं अवश्य करावी. फक्त हात पुढें करण्यापूर्वीं क्षणभर थांबून विचारावें, आणि विचारल्यावर उत्तर पूर्ण ऐकावें.